विश्लेषण : भटक्या मांजरांना वाचवणाऱ्या स्वयंसेवी संस्था चालतात कशा? त्यांना ‘नाही’ का म्हणावे लागते?

पार्किंगमध्ये चार पिल्ले आहेत, आई दिसत नाही, कोणाला तरी लगेच पाठवा, अशा आशयाचे संदेश मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मांजरांसाठी काम करणाऱ्या गटांकडे वर्षभर येत असतात. संदेश पाठवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कार्यालय, रुग्णवाहिका आणि पगारी कर्मचारी असतात. प्रत्यक्षात पलीकडे असते नोकरी सांभाळून हे काम करणारी एखादी व्यक्ती, तिच्या घरातली एक मोकळी खोली किंवा न्हाणीघर, दोन-चार पिंजरे आणि पशुवैद्यकाकडे थकलेले बिल. या संस्थांचे काम नेमके काय असते, त्यासाठी पैसा कुठून येतो, पकडलेले मांजर पुन्हा त्याच गल्लीत का सोडले जाते आणि मदत मागणाऱ्याला अनेकदा नकार का मिळतो, याविषयी…

मांजरांची संख्या इतक्या वेगाने का वाढते?

मांजराची मादी साधारण चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गर्भधारणेचा काळ जेमतेम ६३ ते ६५ दिवसांचा. एका वेळी सरासरी चार पिल्ले होतात आणि आधीची पिल्ले अंगावर पीत असतानाच मादी पुन्हा गाभण राहू शकते. थंड देशांत दिवस लहान होतात तेव्हा हे चक्र थांबते. आपल्याकडे दिवसाच्या लांबीत फारसा फरक पडत नसल्याने पिल्ले जवळपास बारा महिने दिसतात.

हिशेब सोपा आहे. एक मादी वर्षात दोनदा व्याली तर आठ पिल्ले. पहिल्या वेतातल्या दोन माद्या त्याच वर्षी व्याल्या तर आणखी आठ. म्हणजे एका मांजरीमागे कागदावर वर्षाला १६ पिल्ले. समाजमाध्यमांवर याच पद्धतीने काही वर्षांत लाखो मांजरे होतात असे आकडे फिरतात, पण ते खरे नसतात. कारण बहुतेक पिल्ले जगतच नाहीत. अमेरिकेतील एका पाहणीत मोकाट मांजरांच्या १६९ पिल्लांवर लक्ष ठेवण्यात आले. त्यातील १२७, म्हणजे ७५ टक्के पिल्ले सहा महिन्यांची होण्याआधीच मेली किंवा बेपत्ता झाली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आहे. वाहनांखाली येणे, कुत्र्यांचा हल्ला आणि रोगराई ही अशा मृत्यूंची नेहमीची कारणे. आपल्याकडे त्यात पावसाळ्याची भर पडते. थोडक्यात, मांजरांची संख्या निसर्ग आटोक्यात ठेवतो, पण त्याची पद्धत पिल्ले मारण्याची असते. जन्मच कमी व्हावेत, म्हणजे असे मरण कमी होईल, हा या संस्थांच्या कामामागचा मूळ विचार.

अशा संस्थांची सुरुवात कुठून झाली?

मांजरांसाठी संघटित काम प्रथम ब्रिटनमध्ये उभे राहिले. कुत्र्यांसाठी १८६० मध्ये सुरू झालेल्या लंडनच्या बॅटरसी येथील आश्रयगृहाने १८८३ पासून मांजरेही घेण्यास सुरुवात केली. १९२७ मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमधील सभेतून ‘कॅट्स प्रोटेक्शन लीग’ ही केवळ मांजरांसाठीची संस्था स्थापन झाली. ‘कॅट्स प्रोटेक्शन’ या नावाने ती आज ब्रिटनमधील या क्षेत्रातली सर्वांत मोठी संस्था आहे. तिची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. काही ठिकाणी पगारी कर्मचारी असलेली केंद्रे आहेत, पण गावोगावच्या शाखा स्वयंसेवकच चालवतात. अनेक शाखांची मांजरे कुठल्याही इमारतीत नसतात. ती स्वयंसेवकांच्या घरात किंवा परसातल्या खोपटात राहतात.

महाराष्ट्रात परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या जुन्या संस्था सर्वच प्राण्यांसाठी आहेत. केवळ मांजरांसाठी झटणारे गट मात्र तुलनेने अलीकडचे. त्यातील काही सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले आहेत, काही कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली. अनेक तर कुठेच नोंदलेले नाहीत. पाच-सात जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप, एवढेच त्यांचे स्वरूप असते.

मदतीचा संदेश आल्यावर काय केले जाते?

पहिले काम धावत जाण्याचे नसते, प्रश्न विचारण्याचे असते. छायाचित्र पाठवा, नेमकी जागा सांगा, रक्त वाहते आहे का, श्वास तोंडाने घेत आहे का, पिल्लांचे डोळे उघडले आहेत का? या उत्तरांवरून तातडी ठरते. वाहनाची धडक बसलेले, लघवी अडलेला बोका, पाइपात अडकलेले पिल्लू ही प्रकरणे आधी. धट्टेकट्टे पण ‘आम्हाला नको असलेले’ मांजर सर्वांत शेवटी.

पिल्लांच्या बाबतीत स्वयंसेवक बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतात : हात लावू नका, लांबून पाहा. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हटले जाते. आकडा सोडला तरी निरीक्षण खरे आहे. धोका वाटला की मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते आणि त्या मधल्या वेळेत उरलेली पिल्ले एकटी दिसतात. ती खाणे शोधायलाही काही तास दूर जाते. पिल्ले पोट भरलेली, उबदार आणि शांत झोपलेली असतील तर आई जवळपास आहे असे समजायचे. अंग थंड पडले असेल, सतत ओरडत असतील, अंगावर मुंग्या चढल्या असतील तर मात्र वेळ दवडायचा नाही. चांगल्या भावनेने उचलून आणलेली अनेक पिल्ले खरे तर अनाथ नसतात. उचलल्यामुळे ती अनाथ होतात.

आईविना पिल्ले वाढवणे इतके अवघड का?

नुकते जन्मलेले पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते. पहिले काही आठवडे त्याला स्वतःच्या शरीराचे तापमान टिकवता येत नाही आणि मलमूत्रविसर्जनही आपणहून करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ते होते. त्यामुळे आईचे काम माणसाला करावे लागते : दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध पाजणे, प्रत्येक वेळी ओल्या कोमट कापसाने पुसून शी-शू करवणे, गरम पाण्याची पिशवी बदलणे, रोज वजन करून लिहून ठेवणे. दिवसाला १०-१५ ग्रॅम वजन वाढायला हवे. एक दिवस वाढले नाही तर धोक्याची घंटा. दुसऱ्या दिवशी घटले तर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

चुका होतात त्या नेहमीच्याच. गाईचे किंवा पिशवीतले दूध पाजले जाते, त्याने हगवण लागते आणि इतक्या लहान जिवाला पाणी कमी होणे पुरेसे घातक असते. त्यासाठी मांजराच्या पिल्लांचे वेगळे दूधपावडर मिळते. पिल्लाला बाळासारखे उताणे धरून पाजले जाते आणि दूध फुप्फुसात जाते. पालथे, पोटावर ठेवूनच पाजायचे असते. थंड पडलेल्या पिल्लाला घाईने पाजले जाते. त्याला आधी ऊब द्यायची असते, कारण गारठलेल्या शरीरात दूध पचत नाही.

चार पिल्लांचा एक वेत म्हणजे एका स्वयंसेवकाची तीन-चार आठवड्यांची झोप. म्हणूनच संस्थेची खरी क्षमता पिंजऱ्यांत मोजली जात नाही. रात्री उठू शकणारी घरे किती, यावर ती ठरते. अशा घरांना ‘फॉस्टर’ म्हणतात. मांजर कायमचे घर मिळेपर्यंत तिथे राहते. औषध, खाणे बहुधा संस्था देते, जागा आणि वेळ त्या कुटुंबाची.

नसबंदी करून मांजर पुन्हा तिथेच का सोडतात?

रहिवाशांचा सर्वाधिक रोष याच मुद्द्यावर असतो. पकडलेच होते, तर घेऊन का गेला नाहीत? यामागे दोन कारणे आहेत. एक म्हणजे, माणसाचा स्पर्श न झालेले मोठे मांजर सहसा माणसाळत नाही. पिल्लू माणसाला सरावण्याचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. तो उलटला की पिंजऱ्यातले आयुष्य त्याच्यासाठी शिक्षाच ठरते. दुसरे म्हणजे, उकिरडा, मासळी बाजार, हॉटेलची मागची बाजू अशी खाण्याची सोय जिथे आहे तिथली मांजरे हलवली, तर आजूबाजूची नसबंदी न झालेली मांजरे ती जागा घेतात आणि चक्र पुन्हा सुरू होते.

म्हणून ‘पकडा, नसबंदी करा, लस द्या, परत सोडा’ ही पद्धत. आदल्या दिवशी त्या जागेचे खाणे बंद केले जाते. भुकेले मांजर पिंजऱ्यातल्या बांगड्याच्या तुकड्याला किंवा सुकटीच्या वासाला येते, पायपट्टीवर पाय पडला की दार पडते. लगेच पिंजऱ्यावर चादर टाकली जाते, कारण अंधारात मांजर शांत होते. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल असतानाच एका कानाचे टोक, अनेक देशांत डाव्या कानाचे, सरळ रेषेत कापले जाते. ते क्रौर्य नसून ओळखखूण असते. पुढच्या वेळी तेच मांजर पिंजऱ्यात आले तर पोट पुन्हा उघडण्याची वेळ येत नाही. दूध पाजणारी मादी सापडली तर तिला जास्त काळ अडकवून ठेवता येत नाही, कारण कुठे तरी आडोशाला तिची पिल्ले उपाशी असतात.

याने संख्या खरोखर कमी होते का?

होते, पण अटी आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातले न्यूबरीपोर्ट हे बंदराचे गाव याचे सर्वाधिक सांगितले जाणारे उदाहरण. १९९२ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर अंदाजे ३०० मोकाट मांजरे होती. हॉटेलमालक आणि पर्यटकांच्या तक्रारी वाढल्या. तेव्हा स्थानिकांनी ‘मेरिमॅक रिव्हर फिलाइन रेस्क्यू सोसायटी’ ही संस्था सुरू केली. माणसाळलेली मांजरे आणि पिल्ले घरोघरी दिली, उरलेल्यांची नसबंदी करून त्यांना किनाऱ्यावरच सोडले, रोज ठरलेल्या जागी खाणे दिले आणि नवे मांजर दिसले की लगेच पकडले. २००९ मध्ये त्या किनाऱ्यावरचे शेवटचे मांजर वृद्धापकाळाने गेले. १७ वर्षांत ३०० वरून शून्य.

फ्लोरिडातील एका विद्यापीठाच्या आवारात स्वयंसेवकांनी १९९१ पासून केलेल्या अशाच कामाचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ वर्षांत तिथे एकूण १५५ मांजरांची नोंद झाली. त्यातली ४७ टक्के दत्तक गेली आणि आवारातील संख्या ६८ वरून २३ वर आली. १९९५ नंतर तिथे एकही पिल्लू जन्मलेले दिसले नाही.

दोन्ही उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत : जागा मर्यादित होती, जवळपास प्रत्येक मांजराची नसबंदी झाली आणि काम दहा वर्षांहून अधिक चालले. ‘जवळपास प्रत्येक’ हे महत्त्वाचे. एखाद्या वस्तीत दहा माद्या असतील आणि पाचच पकडल्या, तर उरलेल्या पाच वर्षाला ४० पिल्ले देऊ शकतात. शहरभर विखुरलेल्या शंभर नसबंदींपेक्षा एकाच बाजारपेठेत सलग केलेल्या शंभर नसबंदींचा परिणाम म्हणूनच जास्त. मुंबई महापालिकेनेही गेल्या काही वर्षांत संस्थांच्या मदतीने भटक्या मांजरांच्या नसबंदीचे काम हाती घेतले. मात्र राज्यातील बहुतेक शहरांत हा विषय अजूनही कुत्र्यांपुरताच मर्यादित आहे.

संस्थांना सर्वांत मोठी भीती कशाची?

पैशांची नाही, तर ‘पॅनल्यूकोपेनिया’ या विषाणूची. उलट्या, हगवण, पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी होणे आणि लहान पिल्लांत बहुतेकदा मृत्यू. हा विषाणू मांजराबाहेर, जमिनीवर, कपड्यांवर, चपलांच्या तळांना चिकटून वर्षभरही टिकू शकतो. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने तो मरत नाही. पातळ केलेले ब्लीच वापरावे लागते. एखाद्या घरात या रोगाने पिल्ले दगावली तर ते घर पुढचे अनेक महिने लस न झालेल्या पिल्लांसाठी बंद होते.

म्हणून नवे मांजर आले की दोन आठवडे वेगळे ठेवायचे, त्याची भांडी आणि मातीचा ट्रे वेगळा, त्याला हाताळल्यावर कपडे बदलायचे, असे नियम असतात. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सुमारे १६ आठवड्यांचे होईपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने करावे लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. ‘एकच तर पिल्लू आहे, ठेवून घ्या ना’ या विनंतीला मिळणाऱ्या नकारामागे अनेकदा हेच कारण असते. ते एक पिल्लू आधीच्या सहा पिल्लांचा जीव घेऊ शकते.

काही आघाड्यांवर चित्र बदललेही आहे. ‘एफआयपी’ हा मांजरांचा आजार काही वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ निश्चित मृत्यू मानला जाई. जीएस-४४१५२४ या विषाणूविरोधी औषधाचे उत्साहवर्धक निष्कर्ष २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी प्रसिद्ध केले आणि आज अनेक मांजरे या आजारातून बरी होतात. पण उपचार सुमारे १२ आठवड्यांचा आणि महागडा. त्यातून संस्थेपुढे नवा पेच उभा राहतो : एका मांजराचा जीव वाचवायचा की त्याच रकमेत कित्येक मांजरींची नसबंदी करायची? याचे सर्वांना पटेल असे उत्तर नाही. अनेक गट म्हणूनच मोठ्या उपचारासाठी वेगळी वर्गणी मागतात आणि नसबंदीच्या पैशांना हात लावत नाहीत.

पैसा येतो कुठून आणि जातो कुठे?

येतो तो मुख्यतः लोकांच्या छोट्या देणग्यांतून आणि स्वयंसेवकांच्या स्वतःच्या पगारातून. नोंदणीकृत संस्थेला आयकराच्या कलम ८०-जी ची मान्यता असेल तर देणगीदाराला जुन्या करप्रणालीत सवलत मिळते. मात्र दोन हजार रुपयांवरील रोख देणगीवर ती मिळत नाही. नोंदणी नसलेल्या गटांना ही सोय नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठीही कागदपत्रे, लेखापरीक्षण आणि किमान काही वर्षांचे काम दाखवावे लागते. रात्रभर पिल्ले सांभाळणाऱ्या माणसाला हिशेबाच्या वह्या लिहायलाही वेळ काढावा लागतो, नाही तर संस्था कायम उधारीवर राहते.

खर्चात सर्वांत मोठा वाटा पशुवैद्यकाचा. त्याखालोखाल खाणे, मलमूत्राच्या ट्रेमधली माती, औषधे, रिक्षा-टॅक्सी. अनेक पशुवैद्यक संस्थांना सवलतीच्या दरात शस्त्रक्रिया करून देतात आणि बिल पुढच्या महिन्यावर ढकलतात. ही उधारीच अनेक गटांचा खरा कणा असते आणि तीच त्यांना बुडवतेही. एका दुखऱ्या छायाचित्रावर समाजमाध्यमांतून पैसे गोळा होतात, पण निरोगी मांजरींच्या नसबंदीसाठी पैसे मागितले की प्रतिसाद थंडावतो. प्रत्यक्षात दीर्घकालीन उपयोग दुसऱ्याचा अधिक असतो.

दत्तक देताना इतक्या चौकशा कशासाठी?

घर भाड्याचे आहे का, घरमालकाची परवानगी आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, घरात लहान मूल आहे का, गावी जाल तेव्हा मांजर कोणाकडे असेल, लग्न किंवा बदली झाली तर काय? फुकटात मांजर न्यायला आलेल्यांना ही उलटतपासणी खटकते. पण प्रत्येक प्रश्नामागे परत आलेले एखादे मांजर असते.

जाळीचा आग्रह हे त्याचे चांगले उदाहरण. मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवर उतरते, या समजुतीमुळे उंच इमारतींत खिडक्या उघड्या राहतात. न्यूयॉर्कमधील १९८७ च्या प्रसिद्ध अभ्यासात केवळ पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेली १३२ मांजरे एका रुग्णालयात आली होती. उपचारानंतर त्यातील ९० टक्के वाचली, पण छाती, जबडा आणि पायांना गंभीर दुखापती अनेकांना होत्या. जागीच मेलेली मांजरे रुग्णालयात आणली जात नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे.

आहाराचेही तसेच. मांजर म्हटले की दूध-भात हे आपल्याकडचे समीकरण. पण मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे आवश्यक द्रव्य त्याचे शरीर पुरेसे तयार करत नाही आणि ते मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडले तर दृष्टी जाते, हृदय कमकुवत होते. मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना दूध पचतही नाही. शाकाहारी कुटुंबाला मांजर द्यायचे की नाही, याचा निर्णय त्यामुळे मांजराचा वेगळा आहार घरात चालेल का, या एका प्रश्नावर होतो.

काळ्या मांजरांना घर मिळायला अनेकदा जास्त वेळ लागतो, असा स्वयंसेवी गटांचा अनुभव. मांजर आडवे गेले की काम होत नाही, ही समजूत शहरातही टिकून आहे. दुसरीकडे, मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, ही समजूतही आपलीच. त्यातून मारण्याऐवजी पोत्यात घालून दूरच्या बाजारात सोडून येण्याचा मधला मार्ग निघाला. घरात वाढलेले मांजर अनोळखी बाजारात क्वचितच टिकते. पाप टळते ते फक्त नावापुरते.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड मात्र १० ते ५० रुपये. सहा दशकांहून अधिक काळ हा आकडा बदललेला नाही. प्राण्याला ठार मारणे, विष देणे किंवा अपंग करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्राणी जन्मनियंत्रणाचे २००१ चे नियम नावापासूनच कुत्र्यांसाठी होते. त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ ही व्यापक संज्ञा आली आणि अशा प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा-वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनांवर टाकण्यात आली. तरीही नियमांचा भर आणि महापालिकांची तरतूद कुत्र्यांवरच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर देशभर झालेली चर्चाही कुत्र्यांपुरती राहिली. मांजर कुत्र्याएवढे चावत नाही, टोळीने फिरत नाही, म्हणून ते धोरणातही दिसत नाही. तुलनेसाठी, इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून २० आठवड्यांवरील प्रत्येक पाळीव मांजराला मायक्रोचिप लावणे सक्तीचे आहे. हरवलेले किंवा टाकून दिलेले मांजर कोणाचे, हे तिथे काही सेकंदांत कळू शकते.

या कामावर आक्षेप कोणते?

सर्वांत गंभीर आक्षेप पक्षी-अभ्यासकांचा. अमेरिकेत मांजरे दरवर्षी १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मधील अभ्यासात मांडला गेला. त्यातील मोठा वाटा मालक नसलेल्या मांजरांचा होता. ऑस्ट्रेलियाने तर स्थानिक वन्यजीव वाचवण्यासाठी २०२० पर्यंत २० लाख रानटी मांजरे मारण्याचे उद्दिष्ट २०१५ मध्ये जाहीर केले होते. नसबंदी झालेले मांजरही शिकार करतेच, हा मुद्दा खरा आहे. तलाव, पाणथळ जागा, अभयारण्याच्या कडेला मांजरे पोसू नयेत, हे अनेक मांजरप्रेमी संस्थाही मान्य करतात.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. मांजर चावल्यास किंवा ओरबाडल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन रेबीजच्या लसीसाठी डॉक्टर गाठलाच पाहिजे. गर्भवतींनी विष्ठेचा ट्रे स्वतः साफ करू नये. टोक्सोप्लाझ्माचे बीज विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे ट्रे रोज साफ झाला तर धोका बराच कमी होतो.

तिसरा आक्षेप या क्षेत्राच्या आतला. नकार देता न आल्याने एकाच घरात मांजरांची संख्या ३०-४० वर जाते, आजार पसरतात, शेजारी तक्रार करतात आणि वाचवलेली मांजरेच हाल भोगू लागतात. जगभरातल्या जाणत्या संस्था म्हणूनच प्रत्येक घरात किती मांजरे, याची मर्यादा आधीच ठरवतात.

मग ‘नाही’ म्हणायचे कसे?

हाच या कामाचा सर्वांत अवघड भाग. जागा भरलेली असताना आलेला प्रत्येक संदेश म्हणजे एक निवड. हे पिल्लू घेतले तर आधीच्या कोणाच्या वाट्याची ऊब, वेळ, औषध कमी होणार? उपचार चालू ठेवायचे की वेदना थांबवून त्याला जाऊ द्यायचे? पशुवैद्यक सल्ला देतो, निर्णय स्वयंसेवकाला घ्यावा लागतो, आणि तो घेतल्यावर सकाळी कामावरही जायचे असते. नकार दिला की ‘नावाला संस्था चालवता’ हे ऐकावे लागते. अनेक जण दोन-तीन वर्षांत थकून बाहेर पडतात. एक अनुभवी स्वयंसेवक गेला की त्याच्याबरोबर कोणत्या गल्लीत किती माद्या उरल्यात, कोणती मांजर पिंजऱ्याला हुलकावणी देते, ही सगळी माहितीही जाते.

टिकणारे गट म्हणून काम वाटून घेतात. संदेशांना उत्तर देणारा एक, पिंजरा लावणारा दुसरा, हिशेब पाहणारा तिसरा, दत्तकाच्या मुलाखती घेणारा चौथा. आणि ‘आम्ही नेऊ शकत नाही, पण तुम्ही हे करू शकता’ असे तयार उत्तर ठेवतात. पिंजरा उसना देणे, फोनवरून दूध पाजायला शिकवणे, सवलतीतल्या शस्त्रक्रियेची तारीख मिळवून देणे. एक मांजर उचलण्याऐवजी एक माणूस तयार करणे, असा हा हिशेब.

सामान्य नागरिक काय करू शकतात?

ज्या मांजरीला रोज खाऊ घालता तिची नसबंदी करून घेणे, ही सर्वांत मोठी मदत. केवळ खाणे देत राहिले तर पुढच्या वर्षी खाणारी तोंडे वाढतात. पावसाळ्यात आणि थंडीत गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारावी, इंजिनाच्या उबेला पिल्ले बसलेली असतात. आजारी मांजराला माणसाची औषधे देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठीचे पिसवांचे औषध आणि फिनेल हेही मांजरासाठी विषारी ठरू शकतात. मांजर पाळता येत नसेल तर दोन-तीन आठवड्यांसाठी एखादे पिल्लू घरी ठेवता येते. तेही जमत नसेल तर पिंजरा पशुवैद्यकापर्यंत गाडीने पोहोचवता येतो.

पार्किंगमधल्या त्या चार पिल्लांचे भवितव्य बहुतेक वेळा संस्थेच्या हाती नसते. संदेश पाठवणारी व्यक्ती पुढचे दोन आठवडे काय करायला तयार आहे, यावर ते ठरते. आणि त्यांची आई पकडून तिची नसबंदी झाली नाही, तर दोन-तीन महिन्यांत त्याच पार्किंगमधून तोच संदेश पुन्हा येतो.